मेंढी लंगडायची थांबली तेव्हा

घोडेगावच्या पुढे आमचं शेत आहे. उन्हाळी कांदा निघाला की त्यात मेंढ्या बसवायच्या, ही पद्धत वडिलांच्या वेळेपासूनची. कळप चार-पाच रात्री रानात बसतो, जमिनीला खत मिळतं आणि मेंढपाळ पुढच्या शेताला जातात. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी गावी परतलो, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यातली ही हकीकत आहे. आलेलं मेंढपाळ जोडपं नेहमीचंच होतं.

कळपाच्या पुढे एक काळी मेंढी चालायची. बाईने हाक दिली की ती निघायची, आणि ती निघाली की बाकीच्या निघायच्या. शेवटच्या दिवशी सकाळी तिने पुढचा उजवा पाय टेकायचं सोडलं. ओझरकडच्या एका शेतकऱ्याला शब्द दिलेला होता. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. उसाच्या कडेला मागे पडलेलं जनावर बिबट्या सोडत नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते दुपारी आले. मेंढपाळ कळप घेऊन नदीकडे गेला होता, बाई मेंढीपाशी थांबली होती. डॉक्टरांनी खुराच्या बेचक्यातून मोडलेला बाभळीचा काटा काढला, पू दाबून काढला, जखम धुतली आणि दोन इंजेक्शनं दिली. एक जंतूंवरचं. दुसरं सुजेवरचं आणि दुखण्यावरचं. एकदा दिलं की दोन-तीन दिवस असर टिकणारं.

"उद्या ती नीट चालेल," ते म्हणाले. "पण चालवू नका. दुखणं थांबेल, पाय बरा झालेला नसेल. चार दिवस बसवून ठेवा."

"चार दिस कुठं बसवू, डाक्टर? बिऱ्हाड तर उद्याच हलतंय."

डॉक्टरांनी हात धुतले आणि बॅग आवरली.

संध्याकाळपर्यंत मी पाच-सहा वेळा मेंढीपाशी जाऊन आलो. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. घरात बसलं की उठावंसं वाटे, रानात गेलं की परतावंसं. तिसऱ्या खेपेला ती उभी होती. पाचव्या खेपेला पाय टेकून चरत होती.

रात्री मेंढ्यांभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. सकाळी ती एका कोपऱ्यात थोडीशीच उघडतात. मेंढ्या एकेक करून बाहेर पडतात आणि मेंढपाळ तिथे उकिडवा बसून फक्त पाय बघतो. लंगडणारी बाजूला, बाकीच्या वाटेला. औषध कोणाला द्यायचं, घोड्यावर कोणाला घ्यायचं, सगळं त्या फटीपाशी ठरतं. त्या माणसाची नजर तिथे सहसा चुकत नसे.

त्या सकाळी काळी मेंढी बाहेर आली. चारही पाय सारखे पडत होते.

"गेली की लंगड!" तो म्हणाला. "भाऊ, तुमचा डाक्टर लई भारी निघाला राव."

"बरी झाली," मी म्हणालो. डॉक्टरांचं बोलणं मी स्वतः ऐकलं होतं. तरीही म्हणालो.

बाईने मेंढीचा कान धरला. "बरी न्हाई झाली. सुईनं तिला दुखतंय ते कळंना झालंय. आन तुमाला बी."

"आगं, आत्ता डोळ्यांनी बघितलं की!"

"तेच म्हनते. आज डोळ्यांना काय दिसायचं न्हाई."

"मग काय, डोक्यावर घेऊन जाती का?"

"घोड्यावर."

घोड्यावर पातेली, अंथरुणं आणि दोन कोकरं आधीच चढली होती. मी म्हणालो, "ताई, माझ्या गाडीतून सोडतो की तिला."

"ती गाडीत गेल्यावर बाकीच्यांना कोनी न्यायचं? तुमी फुडं चालताय का, भाऊ?"

तिने अंथरुणाचं गाठोडं आणि पातेली खाली घेतली. तिने आणि मी मिळून मेंढी चढवली. पाय बांधताना ती धडपडत होती. दुखऱ्या पायानेसुद्धा तिने मला लाथ मारली. बाईने पातेली गाठोड्यात बांधली आणि ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

कळप हलला नाही. मेंढपाळाने हाका दिल्या, काठी आपटली. मेंढ्या जागच्या जागी गोल फिरत राहिल्या. मग बाई घोड्याचा लगाम धरून पुढे झाली. घोड्यावरून काळी ओरडली आणि मेंढ्या त्या आवाजामागे निघाल्या.

"मेंढी घोड्यावर आन बायकू पायी," तो मागून म्हणाला. "गावोगाव हसतील."

"हसू द्या. तुमी शेपटाकडनं हाका."

पुढचे दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. लिहायला घेतलेला मजकूर दोनदा बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढली आणि ओझरच्या अलीकडे त्यांना गाठलं. वाघर नुकती उघडली होती. काळी पुन्हा लंगडत होती.

मेंढपाळ माझ्याकडे न बघता म्हणाला, "उतरली सुई. परवा चालवली असती तर पाय गेला असता."

बाईने खूर हातात घेऊन दाबला. पू आला नाही. सूज निम्म्याने उतरली होती. मेंढीने पाय झटक्यात ओढून घेतला.

"डॉक्टरांना विचारून दुसरी सुई बघू का?" मी विचारलं.

"विचारा. पर आजचा दिस नगं. आता टेकती का न्हाई ते माझं मला दिसतंय." तिने पाय सोडला. मेंढी तीन पायांवर दोन पावलं गेली, थांबली, आणि चौथा हळूच जमिनीला लावला. बाई तिथेच बसून बघत राहिली.