बैल कोणाच्या गोठ्यातला

"उभा राहा," सर माइकवरून म्हणाले.

मी उभा राहिलो. वाटलं, माझी पाळी आली. खिशात चार कागद होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. सरांनीच बोलायला सांगितलं म्हणून पंधरा दिवस खपून लिहिले होते. गेवराईच्या त्या सभागृहात शंभरेक माणसं. वकील, डॉक्टर, शिक्षक. भाषणाचा विषय मागच्या बॅनरवर: रशियन कथा, माणसाचा स्वभाव आणि आत्म्याची नियती.

मी पाऊल उचललं तसा सरांनी हात वर केला.

"तिथंच थांब. तुला बोलायची गरज नाही. तू नुसता दिसलास तरी पुरे." मग लोकांकडे वळले. "हा बघा, रशियन कथेतला पापी माणूस. ह्यानं एका गरिबाला खोडीचा बैल विकला. माहीत असून विकला. त्या गरिबाची बायको पायानं अधू झाली. आणि एका गोष्टीनं ह्याचा आत्मा जागा केला!"

टाळ्या पडल्या.

माझ्या शेजारच्या खुर्चीत किसनभाऊ बसला होता. चकलांब्याचा. तोच तो गरीब. माझं भाषण ऐकायला मीच त्याला मोटरसायकलवर घेऊन आलो होतो. बैल खोडीचा निघाला हे त्याला माहीत होतं. मला ते आधीच माहीत होतं, हे त्याला माहीत नव्हतं. टाळी वाजवायला उचललेले त्याचे हात तसेच राहिले.

मी हेडी आहे. बैलबाजारात विकणारा आणि घेणारा यांच्यामधला माणूस. बाप ऊसतोडीला जायचा, मी कारखान्याजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत वाढलो. दहावी नापास झालो आणि बाजारात उभा राहिलो. कोणाच्या ओळखीनं नाही, जिभेच्या जोरावर. आमच्यात भाव तोंडानं ठरत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबायची. सरांचा थोरला भाऊ, दादासाहेब, मोठा बागायतदार. एरवी त्यानं माझ्या हाताला हात लावला नसता. रुमालाखाली लावायचा.

तसाच एकदा त्यानं मला एक बैल विकायला दिला. पांढरा, देखणा.

"बसका हाय," तो कानाशी म्हणाला. "चढ लागला की जुवाखाली बसतो. पर तू बोलू नको. आन् आमच्या गोठ्याचं नाव बी घेऊ नको."

मी घेतलं नाही. धंद्याची रीतच तशी. मालक नको म्हणाला तर हेडी गोठा सांगत नाही. बैल हेडीच्या जबानीवर विकला जातो, पुढच्या शिव्याही हेडीलाच.

किसनभाऊनं विचारलं, "खोड न्हाई ना कसली?"

मी म्हणालो, "लई गुणाचा हाय."

त्याच हंगामात भरली उसाची गाडी ओढताना तो चढावर बसला. गाडी मागं सरली. किसनभाऊची बायको, कौसाबाई, चाकामागं दगड लावायला धावली. पाय तुटला नाही, पण कायमचा वाकडा झाला. मला कळलं. मी गप्प बसलो.

सर निवृत्त प्राध्यापक, भावाच्याच वाड्यात राहणारे. त्यांच्या गोठ्यापाशी उभा राहून मी बैलाच्या पेंडीचं पोतं झाकलेला जुना पेपर वाचत होतो, ते त्यांनी पाहिलं. आत नेलं आणि रशियन कथांचं मराठीतलं एक जाड पुस्तक दिलं. मी आठ दिवसांत वाचून परत गेलो आणि वाद घातला. त्यांना गंमत वाटली असावी. पुस्तकांच्या खोलीत त्यांनी मला खुर्ची दिली. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत माझा बाप कधी गेला नव्हता. माणसाला खुर्ची मिळाली की तो किती बोलतो!

पुस्तकात घोड्यांच्या एका दलालाची गोष्ट होती. तो एका नावाड्याला आंधळी घोडी विकतो. थंडीत बर्फावरून जाताना घोडी वाट चुकते, नावाड्याचा मुलगा बुडतो. बर्फ वितळल्यावर दलाल खरं सांगायला नावाड्याच्या घरी जातो. नावाडी त्याला चहा देतो. म्हणतो, तू भला माणूस, एवढ्या लांबून भेटायला आलास. दलाल चहा पितो आणि परत येतो. संपली गोष्ट.

मी पुस्तकावर ओरडलो, "बोल ना बे!"

दुसऱ्या दिवशी दावणीचा चांगला बैल सोडला, चकलांब्याला नेला आणि किसनभाऊला बदलून दिला. "धंद्यात होतं असं," म्हणालो. तो म्हणाला, "देवमाणूस हायस." कौसाबाईनं लंगडत उठून चहा केला. मी प्यालो आणि परत आलो.

हे सगळं मी एका माणसाला सांगितलं. सरांना. बैल कोणाच्या गोठ्यातला, तेही सांगितलं. सरांनी डोळे मिटले. "मित्रा, हे तुझ्यामाझ्यात राहील." मित्रा म्हणाले मला.

सर म्हणायचे, ह्या कथांतला माणूस सोसतो, कबूल करतो, क्षमा करतो. हीच आत्म्याची नियती. मला तसं वाटत नव्हतं. माझ्या चार कागदांत मी लिहिलं होतं की तो दलाल भ्याला नव्हता. त्याला भला म्हणवून घ्यायची भूक होती. वाईट माणसाला ती सगळ्यात जास्त असते. हे मला पुस्तकातून नाही, स्वतःवरून कळलं होतं.

ते कागद खिशातच राहिले.

"तुला ठावं होतं?" किसनभाऊनं हळूच विचारलं.

"होतं."

सर माइकवर होते. "आता ह्यानं सर्वांसमोर हात जोडावेत."

पुढून कोणीतरी म्हणालं, "जोड की बे, बाजारात तर लई हात चालतेत तुझे!" हशा पिकला.

पहिल्या रांगेत दादासाहेब बसला होता. तोही हसला.

माझं डोकं फिरलं. "सर, बैल कोणाच्या गोठ्यातला, ते सांगायचं राहिलं तुमचं."

"मुद्दा तो नाही. मुद्दा आत्म्याचा आहे."

"आत्मा मला एकट्यालाच हाय का? तुमच्या घराला न्हाई?"

"खाली बस!" मागून आवाज आले. मी बसलो नाही. "दादासाहेबाच्या गोठ्यातला होता. बसका हाय म्हणून त्यानंच सांगितलं. म्या लपवलं. सरांना दोन्ही पापं ठाऊक हायती. माझं त्यांनी माइकवर सांगितलं, भावाचं गाळलं."

ह्यावर कोणी टाळी वाजवली नाही. दोघांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं.

बाहेर किसनभाऊ माझ्या गाडीवर बसेना.

"दादासाहेबानं फसवलं, ते मला नवं न्हाई," तो म्हणाला. "तू तर आमच्यातला. घरी येऊन बसलास, तवा कावून न्हाई बोललास?"

तो एसटीनं गेला.

मोठे गोठे मला बंद झाले. आठ दिवसांनी सरांचा फोन आला. "तुझा गैरसमज झाला. त्या कथांचा शेवट आठव. मन मोठं कर, क्षमा कर आणि ये." ज्यानं घाव घातला, तोच मला क्षमा शिकवत होता. मी फोन ठेवला आणि चकलांब्याला गेलो.

कौसाबाई दारात शेंगा फोडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. "बैल बसका होता, मला ठावं होतं."

तिनं मान वर केली नाही. "मला तवाच कळलं. फुकट बैल बदलून कोण देतं? गोठा कोणाचा, ते तेवढं ठावं न्हवतं." मग म्हणाली, "मी जाणार त्याच्या वाड्यावर. चार माणसांत इचारणार. साक्षीला येशील का पळशील?"

"येतो."

"तुला माफ केलं आसं समजू नको."

"न्हाई समजत."

सोमवारी आम्ही जाणार आहोत. सरही तिथं असतील. ती जे विचारेल त्याला मी मोठ्यानं हो म्हणणार, दादासाहेबाच्या पापालाही आणि माझ्याही. क्षमा मी मागणार नाही आणि सरांना देणारही नाही. त्यापायी माझा आत्मा अर्ध्या वाटेत अडकणार असेल, तर अडकू दे.