फेटूचे वरचे पाच महिने

पीसिया आमच्या कोर्टातली दुभाषी. जज परदेशातून यायचे, इंग्रजीत शिक्षा सांगायचे आणि ती आपल्या सामोअन भाषेत आरोपीला ऐकवायची. तीस वर्षं माणसांना तोंडावर 'तू आत जाणार' असं सांगून बाई पार थकली होती. मी शेजारच्या टेबलावर फायली सांभाळायचो. दुपारी कोको पिताना ती सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर टाकायची आणि म्हणायची, "शिक्षा ते ठोठावतात, घसा माझा बसतो."

फेटूची फाइल तिच्या हातात अशीच आली. दारूच्या भांडणात त्याने आसोमुआ मुखियाच्या मुलाचा हात मोडला होता. गुन्हा लगेच कबूल केला, वकील नव्हताच, तीन वर्षांची शिक्षा लागली. जुने कागद लावताना पीसियाने कलम वाचलं आणि चष्मा काढला.

"अरे, याला जास्तीत जास्त दोनच वर्षं देता येतात. आणि तीन सांगितली कोणी त्याला? मीच."

फेटूचे आत वीस महिने भरले होते. चार महिन्यांत अपील लागलं, तर तो वेळेवर सुटणार होता. तिने अर्ज लिहिला आणि आम्ही तुरुंगात गेलो. फक्त सही हवी होती. फेटूने कागद परत सरकवला.

"नको मावशी. माझा काका पहाटेपासून आसोमुआच्या दारात डोक्यावर चटई घेऊन बसला होता. दुपारी त्यांनी चटई उचलली, माफ केलं. आता मी शिक्षा जास्त झाली म्हणून रडलो, तर काका काय उगाच बसला होता?"

"मूर्खा, ती माफी आसोमुआकडे मागितली होती. ही चूक जजची आहे."

"गावात कोण एवढं बघतं?"

मला त्याचा संताप आला. आमच्याकडे घराच्या वतीने माफी अशी चटईखाली बसूनच मागतात, आणि त्या घरातला माणूस पुन्हा कुरकुर करत नाही, हे मलाही कळतं. पण म्हणून फुकट वर्षभर आत बसायचं?

मग दुखरे गुडघे घेऊन पीसियाने आसोमुआचं गाव गाठलं. तीनदा. पहिल्यांदा तो मळ्यात होता, दुसऱ्यांदा कुठल्याशा मयतीला गेला होता. तिसऱ्यांदा भेटला, तिला उकडलेले तारोचे कंद खाऊ घातले आणि सगळं ऐकून भडकला.

"चटई उचलली तेव्हाच विषय संपला. वरचं वर्ष मी मागितलं होतं का? त्या गाढवाला सांगा, मुकाट्याने सही कर म्हणावं. आणि पोराचा हात बरा आहे, तेही सांगा."

निरोप ऐकून फेटूने सही केली. पण तोवर सहा आठवडे गेले होते. पुढे जज आजारी पडले, मग नवे येईपर्यंत तारीख नाही, मग फाइल राजधानीत अडकली. पीसिया दर सोमवारी फोन करायची, 'बघतो' ऐकायची आणि रिसीव्हर खाली ठेवायची. नंतर नंतर तर ती चिडायचीही बंद झाली. अपील उभं राहिलं तेव्हा फेटूला आत दोन वर्षं पाच महिने झाले होते.

नवे जज भले होते. शिक्षा बेकायदा आहे, याला आत्ताच्या आत्ता सोडा, म्हणाले. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. पीसियाने ते फेटूला सांगितलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

"साहेबांनी दया केली. हे उपकार मी विसरणार नाही."

जज पीसियाकडे बघत थांबले.

"काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं.

पीसिया फेटूकडेच वळली. "दया कसली रे बाळा," ती म्हणाली. "पाच महिने तुझे होते. आम्ही घेतले."

मग तिने जजना इंग्रजीत सांगितलं, "त्याचं हे बोलणं माझ्या तोंडून निघणार नाही. दुसरा दुभाषी बोलवा."

दुसरा दुभाषी आमच्या कोर्टात नव्हता. जज पेन हातात धरून तसेच बसून राहिले.