फक्त बॅचलर्ससाठी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नसतानाही सांगते, तेव्हा इथंही सांगून टाकते. बी.एस्सी., केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावात शिंपी आहेत. निकालाच्या दिवशी त्यांनी मशीन बंद ठेवलं आणि दुकानात येईल त्याला पेढा दिला. एकानं पेढा खाल्ला आणि विजारीची शिलाई राहिली म्हणून भांडण काढलं.

त्यानंतर दोन महिन्यांत चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली. पेंट शॉपच्या लॅबमध्ये ट्रेनी. आता तर माझ्या डोक्यात हवाच गेली. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं आणि कंपनीची बस आकुर्डीतून सुटत होती, म्हणून राहायची जागा आकुर्डीत हवी होती. आण्णा म्हणाले, आधी एकदा जाऊन बघून येऊ. मी म्हटलं, काही गरज नाही. ग्रॅज्युएट माणसाला एक जागा फोनवरून ठरवता येत नसेल तर शिकून उपयोग काय?

आईनं मात्र आण्णांना माझ्यादेखत बजावलं. "जागा नीट दिसली तर ठेवा तिला. न्हाईतर संध्याकाळच्या गाडीनं माघारी आणा. नोकरी गेली तर जाऊ दे." आण्णांनी मान हलवली. आण्णा बोलतात कमी, पण एकदा मान हलवली की ती फिरवत नाहीत. जागा गेली तर नोकरी गेली, इतका साधा हिशेब होता.

नोकरीवाल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात सापडली. 'आकुर्डी. कॉट बेसिस. गरम पाणी, वायफाय. फक्त बॅचलर्ससाठी.' शेवटची ओळ वाचून मला फार बरं वाटलं. बॅचलर ऑफ सायन्स होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. म्हटलं, शहरातला घरमालक पण बघा, भाडेकरूसुद्धा पदवीधर लागतो त्याला.

पुढचं सांगण्याआधी आमच्या बोलीचं सांगायला हवं. मी कोल्हापूरकडची. आमच्याकडं मुली सरसकट 'मी येतो, मी जातो, मी जेवलो' असंच म्हणतात. आई म्हणते, आजी म्हणायची, सगळी आळी म्हणते. लिहिताना मी 'गेले, आले' लिहिते, कारण परीक्षेत तसंच लिहावं लागतं. बोलताना कुठली परीक्षा? त्यात माझा आवाज जाड. शाळेत प्रार्थना सांगायला मला कधी उभं केलं नाही, पण मैदानावर पोरांना रांगेत उभं करायचं असलं की सर मलाच हाक मारायचे.

तर मी फोन लावला. नाव विचारल्यावर कॉलेजच्या सवयीनं नुसतं आडनाव सांगितलं.

"बॅचलर आहात ना?" मालकांनी विचारलं.

"हो तर. याच वर्षी झालो."

"याच वर्षी? आन् त्याच्या आधी?"

"आधी बारावी."

पलीकडं त्यांना ठसका लागला. मला वाटलं माणूस भारावला. "बरं, आमाला काय त्याचं," ते म्हणाले. "दारूबिरू?"

"छे हो. मी तसला नाही."

"आन् एक. रूमवर मैत्रिणी आणायच्या न्हाईत. आधीच्यानं लई ताप दिला."

हे मला जरा जाचक वाटलं. शिकलेल्या माणसानं हक्काचं बोलावं म्हणून मी म्हटलं, "अहो, पण माझ्या दोघी आहेत. कधीमधी राहायला येतील. एका कॉटवर दोघं-तिघं झोपतो आम्ही, मला सवय आहे."

"दोघी?"

"लांबून येणार बिचाऱ्या. परत कुठं पाठवू?"

मालकांनी मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "भावा, तू ये आधी. मग समोरासमोर बोलू." 'भावा' ऐकून मी आणखी खूश झाले. काय आपुलकी आहे, म्हटलं. आमच्याकडं बहिणीलासुद्धा लाडानं भावा म्हणतात.

रविवारी आण्णा आणि मी एसटीनं स्वारगेटला उतरलो, तिथून निगडीची बस धरली आणि दुपारी आकुर्डीत पोचलो. आण्णांच्या खांद्यावर वळकटी, माझ्या हातात बॅग. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेलो तर दार उघडंच होतं. आत चार कॉट. तीन कॉटवर बनियन आणि हाफ पँट घातलेले तीन दांडगे पसरलेले, चौथी रिकामी आणि तिच्यावर माझ्या आडनावाची चिठ्ठी. मला बघून एक जण इतक्या घाईनं उठला की त्याचं डोकं भिंतीवरच्या फळीला आपटलं.

आण्णांनी ती चिठ्ठी वाचली. मग त्या तिघांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"ह्यात राहणार तू?"

तेवढ्यात धापा टाकत मालक वर आले. कंपनीतून रिटायर झालेले, मूळचे तिथल्याच गावकीतले. त्यांनी आण्णांना नमस्कार केला आणि आजूबाजूला बघितलं. "मुलगा कुठंय?"

"कुठला मुलगा?" आण्णा म्हणाले.

"ज्यानं बेड ठरवला त्यो. दोघीवाला."

मी हात वर केला. वर्गात करतात तसा. आजही तो हात आठवला की मला कुठंतरी लपावंसं वाटतं.

मालक लालबुंद झाले. "आवो, फसवणूक हाय ही! फोनवर बाप्याचा आवाज काढून बोलली ही."

"माझी पोरगी खोटं बोलत न्हाई," आण्णा म्हणाले.

"मग 'मी येतो, मी येतो' कशापायी म्हणत हुती?"

"मग काय म्हणायचं?"

"येते! बाईमाणूस येते म्हणतं!"

आण्णांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "येते म्हटलं काय आन् येतो म्हटलं काय, यायची ती आली न्हवं?"

कॉटवरचा एक जण फिसकन हसला. मालक मात्र हसले नाहीत. पोरांच्या खोलीत पोरगी ठेवणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात ते काही चूक नव्हते. मी बॅचलर शब्दाचा पदवीधर असा अर्थ समजावून सांगायला गेले, तर त्यांनी हात जोडले. "बाळा, तू लई शिकलीस. आता खाली चल."

खाली आल्यावर आण्णांनी वळकटी जमिनीवर ठेवलीच नाही. "साडेपाचची गाडी घावंल," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. जॉइनिंगचं पत्र माझ्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत होतं आणि घड्याळात तीन वाजले होते.

मालकांच्या बायकोला माझी दया आली असावी. त्या म्हणाल्या, "ह्याच गल्लीच्या टोकाला एक सिस्टर राहत्यात. दवाखान्यातून रिटायर झाल्यात. फक्त मुलींनाच ठेवत्यात. एक जागा रिकामी हाय म्हणत होत्या. नंबर देते, तूच बोल."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी माझा फोन काढला. मनात घोकलं, येते, जाते, राहते. रसायनांची लांबलचक नावं पाठ केलेली बाई मी, तीन क्रियापदं काय जड आहेत?

"हॅलो, मी जागेसाठी बोलतो— बोलते. मी आता लगेच येतो. येते."

"कोण बोलतंय?" पलीकडून कडक आवाज आला.

"मी मुलगी बोलतोय. बोलतेय."

"मुलगी बोलतोय?"

मी घाबरून आवाज बारीक केला. तिथंच सगळं संपलं. जाड आवाज बारीक केला की तो कसा लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं. "हो ना, मी खरंच मुलगी आहे," असं मी किनऱ्या आवाजात म्हणाले.

"लाज नाही वाटत बाईचा आवाज काढून बोलायला? मुली राहतात इथं. पुन्हा फोन केलास तर पोलिसांना सांगेन!" आणि फोन बंद.

एका तासात मी बाप्याचा आवाज काढणारी बाई झाले आणि बाईचा आवाज काढणारा बाप्याही. आण्णांना सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं ते आता स्टँडची वाट धरतील. पण 'पोलिसांना' हा शब्द त्यांना लागला असावा. ते म्हणाले, "तोंडावर बघून न्हाई म्हणू दे. मग जाऊ." आणि वळकटी घेऊन गल्लीच्या टोकाकडं चालायला लागले.

सिस्टरांनी साखळी न काढता दार उघडलं. फटीतून एक चष्मा, पांढरे केस आणि खोलीतल्या दोन मुलींचे कान दिसले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. आण्णांकडं बघून म्हणाल्या, "आत्ता फोनवर बाईसारखं बोलणारे तुम्हीच का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आण्णांनी माझ्या हाताला धरलं.

"व्हय," ते म्हणाले. "मीच होतो."

ज्या माणसानं अर्ध्या तासापूर्वी माझी पोरगी खोटं बोलत नाही म्हणून सांगितलं होतं, तो माणूस दारात मान खाली घालून उभा राहिला.

"वयाला शोभतं का हे?"

"न्हाई."

"अहो, मुलीसाठी जागा हवी तर सरळ मागायची. सोंगं कसली करता?"

"चुकलं माझं. पोरगी लाजाळू हाय. म्हणून म्हटलं, आपणच बोलावं."

लाजाळू! मी! आण्णांनी हाताची पकड घट्ट केली. सिस्टरांनी मला पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं. "काय गं, खरं का हे?" मी मान डोलावली. "बोलत नाहीस का?" मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर आण्णांचं खोटं उघडं पडलं असतं आणि साडेपाचची गाडी मिळाली असती.

"अशीच शांत मुलगी हवी होती मला," सिस्टर म्हणाल्या आणि साखळी काढली.

आण्णांनी खोली बघितली. खिडकीची कडी ओढून पाहिली, न्हाणीघराचं दार आतून लागतं का ते पाहिलं, त्या दोन मुलींना 'जेवलात का' विचारलं. मग माझ्याकडं बघून मान हलवली. निघताना दारात म्हणाले, "येतो मग मी." सिस्टर शेजारीच उभ्या. मला खूप काही बोलायचं होतं. मी नुसता त्यांच्या पायाला हात लावला, आणि ते जिन्यावरून घाईघाईनं उतरून गेले.

सोमवारी मी लॅबमध्ये हजर झाले. दिवसभर तिथं इतकी बोलले की इनचार्ज म्हणाले, मॅडम, जरा दम घ्या. संध्याकाळी घरी आले की मुकी. चहा हवा? मान. पंखा लावू? मान. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी गॅलरीत कोपऱ्यात तोंड घालून मी आईला फोनवर सांगत होते, "हो गं, जेवलो मी, पोटभर जेवलो," आणि मागं वळले तर सिस्टर. कपड्यांचे चिमटे हातात घेऊन उभ्या.

"जेवलास का?" त्या म्हणाल्या.

मी फोन बंद केला. आता बॅग भरायची, एवढंच डोक्यात आलं.

"बोल की आता. किती दिवस टिकतेस तेच बघत होते मी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, आयुष्य वॉर्डात गेलं माझं. तुझे वडील 'मीच होतो' म्हणाले, तो आवाज ऐकलास ना? कसला नाजूक! त्यांनी फोन केला असता तर मी 'या ताई' म्हणून बोलावलं असतं."

आण्णांचा आवाज पातळ आहे हे जन्मभर ऐकून माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. "मग ठेवलंत कसं मला?"

"फोनवर ऐकलं तेव्हा मी घाबरले होते. दार उघडलं तर तुम्ही दोघं माझ्याहून घाबरलेले." त्यांनी चिमट्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "घे, वाळलेले कपडे काढ. आणि बोलत जा. घर फार शांत झालंय तुझ्यानं."

दिवाळीच्या आधी आण्णा मला न्यायला आले. वर यायला तयार होईनात, गल्लीच्या कोपऱ्यावरच थांबले. सिस्टरांनी गॅलरीतून हाक मारली, "अहो फोनवाले, वर या, चहा ठेवलाय." आण्णा आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि पुन्हा म्हणाले, "त्या वेळी चुकलं होतं माझं." मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर सिस्टरांनी माझ्यापुढं चिवड्याची बशी सरकवली आणि आण्णांना म्हणाल्या, "पुन्हा असलं सोंग करू नका हं."

परतीच्या गाडीत बराच वेळ आण्णा खिडकीबाहेर बघत होते. साताऱ्याच्या पुढं गेल्यावर स्वतःशीच हसले.

"बाई एवढी शिकलेली," ते म्हणाले, "पण फसली बघ. मला वाटलं हुतं, पटणार न्हाई."

मी बी.एस्सी., फर्स्ट क्लास. मी म्हटलं, "मलाबी तसंच वाटलं होतं, आण्णा."