दारू नव्हे, मण्यार

"यांना दारू चढलेली नाही बाई. मण्यार चावली असणार," असं म्हणून डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याची पापणी बोटाने वर उचलली आणि सोडली. ती तशीच खाली पडली. तरी मी हट्टाने म्हणाले, "साहेब, काल बागेत पेस्ट लावली आणि रात्री प्यायले, मला माहितीय ना." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नर्सला व्हेंटिलेटर आणायला सांगितलं.

निफाडच्या बाजूला आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडी नीट फुटावी म्हणून तिला औषधाची पेस्ट लावतात. पेस्टच्या दिवसांत दारूला शिवायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिवलं की उलट्या होतात, जीव घाबरा होतो. पोपटरावांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दीड वर्षापूर्वी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती. माझा त्यावर एक दिवसही विश्वास बसला नव्हता.

त्या रात्री पंपाची लाईट उशिरा येणार होती, म्हणून ते बागेतल्या शेडमध्येच मजुरांसोबत खाली पोतं टाकून झोपले. सकाळी पोट धरून घरी आले आणि ओट्यावर ओकले. जीभ जड, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मला आणखी काय पुरावा हवा होता!

"नाय घेतली गं, आईशप्पथ," ते बोबडं बोलले.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवला व्हता ना? आता मरा एकदाचे!" मी ओरडले. हे लिहायलाही नको वाटतं, पण मी तेच म्हणाले.

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरला दाखवू का गं?" मी म्हणाले, "पडू द्या. उतरली की उठतील." आणि मजुरांकडे बागेत निघून गेले. दुपारी परतले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि छाती जेमतेम हलत होती. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून नाशिक गाठलं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. मण्यारीचं विष न्यूरोटॉक्सिक असतं, म्हणजे नसांवर चालतं. आधी पापण्या, मग जीभ, घसा आणि शेवटी श्वास बंद पाडतं. ती रात्री फिरते आणि झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की सूज नाही, कधी खूणही सापडत नाही. यांच्याही अंगावर सापडली नाही. रक्त गोठण्याची टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे रक्तावर चालणारं घोणशीचं विष नव्हतं. अँटी स्नेक व्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, सुरू झाला. संध्याकाळी मुकादमाचा फोन आला. "वहिनी, मालकाच्या पोत्याखाली मण्यार घावली. अन् मालक नाय प्यायले. आमच्या आधी झोपले व्हते."

दुसऱ्या दिवशी मला आयसीयूत सोडलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी बोला. हलता येत नसलं तरी त्यांना ऐकू येतं. काल घरीसुद्धा सगळं ऐकू येत असणार."

मी कॉट धरून उभी राहिले. मिटलेल्या डोळ्यांची माफी मागत राहिले. तिसऱ्या दिवशी पायाचा अंगठा हलला. पाचव्या दिवशी पापण्या उघडल्या, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आठव्या दिवशी श्वासाची नळी निघाली.

तुमच्या घरात कुणी जमिनीवर झोपून उठला आणि पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणाला, तर खूण शोधत बसू नका, बाबा-बुवाकडे नेऊ नका, आणि माझ्यासारखा न्यायनिवाडा तर मुळीच करू नका. तडक मोठा दवाखाना गाठा. त्या डॉक्टरांनी आणि नर्सनी माझं कुंकू राखलं, जे मी स्वतः ओट्यावर पुसायला निघाले होते.

घरी आल्यावर त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही. तेच जास्त झोंबायचं. शेवटी मीच म्हणाले, "बोला ना काहीतरी. शिव्या द्या."

ते म्हणाले, "एक डाव जवळ येऊन तोंडाचा वास घ्यायचा व्हता. तेवढ्यानं कळलं असतं तुला."