राखून बोलणाऱ्या उतेकरताई

उतेकरताई साडेनऊला पोचणार असल्या की पावणेदहा सांगायच्या. महाडच्या ज्या कंपनीत मी नोकरीला लागले, तिथलं स्टोअर त्यांच्याकडे होतं. माल गुरुवारी येणार हे पक्कं माहीत असलं तरी त्या शुक्रवार म्हणत. साहेब वैतागायचे, पण ताईंनी दिलेली वेळ टळली असं कधी झालं नाही. "बोललेलं मोडायचं नाय," एवढंच त्यांचं म्हणणं.

राहायच्या पोलादपूरला. पन्नाशीच्या होत्या. पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचं जर्किन चढवून जुन्या मोटरसायकलवरून कामावर यायच्या.

मी इंग्रजी माध्यमातली, त्यात अबोल. चार माणसांसमोर मराठीत बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. ताईंनी हे पहिल्याच आठवड्यात हेरलं. म्हणाल्या, "रविवारी शर्यतीला चल गो. लॅपटॉपवर बसायला माणूस पायजे. बोलायला नाय लागत."

नवा महामार्ग झाल्यावर दासगावजवळ जुन्या रस्त्याचा एक सरळ तुकडा बाजूला पडला होता. हिवाळ्यात काही रविवारी इथला मोटरसायकल क्लब रीतसर परवानगी काढून तो दोन्हीकडून बंद करायचा आणि दोन-दोन गाड्या सोडायचा. जुन्या गाडीलाही नव्या गाडीशी पळता यावं म्हणून नियम असा होता की आपली गाडी हे अंतर किती सेकंदांत कापेल ते प्रत्येकाने आधीच सांगायचं. त्याला बोली म्हणत. जिची बोली जास्त वेळाची, ती गाडी दोन बोलींतल्या फरकाएवढी आधी सुटणार. पहिला पोचेल तो जिंकला. पण बोलीपेक्षा कमी वेळात पोचला तर बाद.

ताई इथेही राखूनच बोलायच्या. गाडी पळू शकते त्याहून थोडी जास्त वेळाची बोली सांगायच्या आणि शेवटच्या टप्प्यात आरशात बघून अ‍ॅक्सिलरेटरवरचा हात ढिला करायच्या. समोरच्याच्या जेमतेम चाकभर पुढे रेघ ओलांडायच्या, बोलीच्या आत न येता. बाकीच्यांना ते खुपायचं. आमच्याच कंपनीत डिस्पॅचला असलेला नितेश सकपाळ एकदा चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तुम्ही गाडी पळवत नाय, आम्हाला खेळवता. ही लबाडी हाय."

ताईंनी चहा संपवला. मग त्याला विचारलं, की तू नवी गाडी घेऊन येतोस तेव्हा मी लबाडी म्हणते का? नियमात बसतं ते दोघांनाही बसतं. पण त्याचा शब्द ताईंना लागला होता. मार्चनंतर त्या कायमच्या कल्याणला मुलाकडे जाणार होत्या. लबाडीने जिंकायची, अशी आठवण इथे ठेवून त्यांना जायचं नव्हतं.

शेवटच्या रविवारी फायनल नितेशशीच लागली. ताईंनी सकाळच्या सरावात गाडी पूर्ण पळवली होती. तोच वेळ त्यांनी बोली म्हणून सांगितला, काही न राखता. आणि हातही ढिला करणार नाही, असं नितेशला सांगून टाकलं.

दुपारी खाडीकडून वारा सुटला होता, पाठीमागून. ताई चाकभर पुढे राहून रेघेपार गेल्या. शिट्ट्या सुरू झाल्या. लॅपटॉपवर मात्र त्यांच्या वेळेचा आकडा बोलीच्या आत होता, अगदी किंचित.

बाकीचे निकाल मी पाटीवर लिहायची. फायनलचा निकाल लॅपटॉपवर बसलेल्याने तोंडी सांगायची पद्धत होती, आणि मी दर वेळी शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या कानात सांगून त्याच्याकडून ओरडून घ्यायची. आज तो ताईंना खांद्यावर घ्यायला धावला होता. आकडा फक्त मला दिसत होता. ताई हेल्मेट काढून माझ्याकडेच बघत होत्या.

"ताई बाद," मी म्हणाले. जवळच्या दोघातिघांनीच माना वळवल्या. मागे शिट्ट्या चालूच.

ताई गाडी ढकलत माझ्यापाशी आल्या. "मोठ्यानं सांग गो. तिकडं मागं ऐकू नाय गेलं."

मी उभी राहिले आणि ओरडून सांगितलं. जिंकूनही नितेशने हात वर केला नाही. तो ताईंच्या गाडीशी येऊन उभा राहिला. त्याला ताई म्हणाल्या, "म्हणून राखून बोलायची रे. गाडी माझी हाय, वारा माझा नाय." मग ओढणी बांधून नेहमीसारख्या पोलादपूरला गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात नितेशने सांगितलेली बोली त्याच्या गाडीच्या मानाने बरीच राखलेली होती. कुणी त्याला लबाडी म्हटलं नाही. फायनल तोच जिंकला आणि निकाल मी सांगितला. संध्याकाळी ताईंना फोन केला, फायनल झाली म्हणून. कोण जिंकलं ते त्यांनी नंतर विचारलं. आधी म्हणाल्या, "मागपर्यंत ऐकू गेलं काय?"