पाण्यातला सुळका

"दोर सोडू नका! सोडलात तर डाइव्ह संपली!" अंदमानात होडीवरून आमचा प्रशिक्षक ओरडत होता. नवे गुडघे बसवल्यापासून बायकोला पुन्हा तिथे जायचंय, म्हणून आज माळ्यावरून मास्क काढला आणि जुन्या रबराच्या वासासरशी मी पंधरा वर्षं मागे, थेट त्या पाण्यात पडलो.

दुखऱ्या गुडघ्यांनी हिला सह्याद्रीतले सुळके सोडायला लावले होते, म्हणून समुद्राच्या पोटातला सुळका तरी हिला गाठायचाच होता. आदल्या दिवशी होडीपासून सुळक्यापर्यंत खाली सोडलेल्या दोरावरून माझा हात सुटला आणि माझ्यापायी दोघांनाही वर यावं लागलं. आता ही शेवटची संधी. प्रवाह असा, की जणू खडकवासला धरणाचे सगळे दरवाजे माझ्या एकट्याच्या अंगावर उघडलेत! मी डोळे मिटले आणि हाताला लागलं ते गच्च धरलं. डोळे उघडले तेव्हा जांभळ्या पोवळ्यांनी मढलेला सुळका समोर होता, आणि त्याच्या आडोशाला ही गुडघे विसरून घारीसारखी तरंगत होती.

होडीत आल्यावर मी गर्जलो, "दोर असा धरला, की समुद्र दमला!"

केस पिळत ही म्हणाली, "दोर मी धरला होता. तुम्ही माझा पट्टा धरला होता."