बंधाऱ्यावर परत आलेला आकडा

भूतंखेतं मी मानत न्हाय. आजबी न्हाय. शाळा तिसरीपातूर, पण नदीचं पाणी किती चढलं ते मोजायची पट्टी वाचण्यात माझा हात धरणारा माळशिरस तालुक्यात न्हाय, हे मी छातीवर हात ठेवून लिहितो.

नीरेवर आमच्या गावाचा बंधारा हाय. रोज सकाळी आठला मी पायऱ्या उतरून पट्टी वाचायचो आन् आकडा मोठ्यानं सांगायचो. वर काठावर गंगाराम तात्या तोच आकडा परत म्हणायचा, मगच वहीत लिहायचा. चूक व्हायची न्हाय. तात्या गेला, तरी मी एकटाच वरडायचो... सवय.

दोन वर्सामागं, घटस्थापनेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. पावसाळा सरताना पाणी अडवायला बंधाऱ्याची लोखंडी दारं टाकायची होती. लवकर टाकली आन् पूर आला तर काठ फुटतो. उशीर केला तर पाणी वाहून जातं, मग उन्हाळ्यात गावाला टँकर. थोरली सून सुरेखा पंचायतीत मेंबर, ती मागं लागलेली - "मामा, नदी वसरतीया, दारं टाकूया की." मी म्हनलं, अजून एक पूर यायचा हाय, आठ दिस थांबा. मोबाईलबी पाऊसच सांगत होता.

त्या सकाळी मी वरडलो, "एक मीटर चाळीस."

काठावरनं आवाज आला, "एक मीटर दहा. परत बघ, नामा."

तात्याचा आवाज. आदी खाकरून, मग आकडा... तसाच. मान वळवली, काठावर कुणी न्हाय. भ्यालो न्हाय, राग आला. माझी चूक काढतो? रागानंच वाकून पट्टीला हात लावला. चाळीसवर रातच्या पाण्याची वल होती फक्त. खरं पाणी खाली, दहावर. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता आन् ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

एका रातीत एवढी वसरली म्हंजी आता पूर न्हाय, उरलंय तेवढंच पाणी अडवायचं. घरी येऊन सांगितलं, दारं टाका. सुरेखा म्हनली, "काल तर पूर येणार हुता की, मामा?"

"काल काल होतं. माणसं बोलव."

सांजच्यापातूर दारं बसली. त्यानंतर थेंब पडला न्हाय. पण उरल्या धारेवर बंधारा भरला, आन् त्या उन्हाळ्यात गावात टँकर आला न्हाय.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हनले, पाण्याजवळ कानाला भास होतात. असंल. पण जो आकडा मलाच ठावं नव्हता, तो भासाला कसा कळला?

तात्याला जितेपणी कधी शाबास म्हनलं न्हाय. त्या दिवसाच्या आकड्यापुढं वहीत वाचणाऱ्याच्या रकान्यात मी त्याचंच नाव घातलंय. वही तपासायला आलेले पाटबंधारे खात्याचे साहेब म्हनले खोडा. मी खोडलं न्हाय.